दूरच्या बेटांचा स्वयंनिर्णय

१६ डिसेंबर १९६५ या दिवशीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनें एकापाठोपाठ एक असे दोन ठराव संमत केले. पहिल्याचा क्रमांक २०६५, दुसऱ्याचा २०६६. पहिला दक्षिण अटलांटिक महासागरांतील फॉकलंड बेटांविषयीं होता. दुसरा हिंदी महासागरांतील मॉरिशस आणि त्याच्या पोटांत मोडणारीं चागोस बेटें यांविषयीं. दोन्ही ठिकाणीं निशाण ब्रिटनचें होतें. दोन्ही बेटसमूह ब्रिटनपासून हजारों मैल दूर. दोहोंवर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. आणि दोहोंवर दर्यापलीकडून आलेल्या किंवा आणलेल्या माणसांचे वंशज पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. लोकसंख्याहि जवळजवळ सारखीच, दीड-दोन हजारांच्या घरांतली. पुढील आठ वर्षांत यांपैकीं एका बेटसमूहावरील झाडून सारीं माणसें जहाजांत घालून दूर नेऊन सोडण्यांत आलीं. दुसऱ्यावरील माणसांसाठीं १९८२ सालीं त्याच ब्रिटननें शंभराहून अधिक जहाजांचा ताफा आठ हजार मैलांवर धाडला आणि युद्ध केलें.

या दोन्ही वेळीं ज्या तत्त्वाचा प्रश्न होता तें तत्त्व म्हणजे स्वयंनिर्णय. हा शब्द मराठी वाचकाला परका नाहीं. पहिलें महायुद्ध संपत असतां अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्यामुळें त्याचा जगभर बोलबाला झाला, आणि १९१९ मध्यें लोकमान्य टिळकांनीं इंग्लंडांतून पॅरिसच्या शांतता-परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र धाडून तोच न्याय हिंदुस्थानास लावावा अशी मागणी केली. ज्याचा देश त्यानें आपलें भवितव्य ठरवावें, इतका त्याचा साधा अर्थ. परंतु या साधेपणांत एक निरगांठ आहे. निर्णय ‘स्व’नें करावयाचा हें खरें, पण हा ‘स्व’ कोण, हें कोणीं ठरवावयाचें? हिंदुस्थानासारख्या खंडप्राय देशांतहि ती गांठ फाळणीपर्यंत काचत राहिली; मूठभर माणसांच्या बेटावर तर ती हातीं घेतल्यावांचून पुढें पाऊलच टाकतां येत नाहीं.

१४ डिसेंबर १९६० रोजीं आमसभेनें वसाहतींच्या मुक्ततेचा जो प्रसिद्ध ठराव केला, त्यांतहि ती तशीच राहून गेली. ८९ राष्ट्रांनीं अनुकूल मत दिलें, विरोधी एकहि पडलें नाहीं, आणि ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स धरून ९ राष्ट्रें तटस्थ राहिलीं. त्याच्या दुसऱ्या कलमांत सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असें म्हटलें आहे. सहाव्या कलमांत कोणत्याहि देशाची प्रादेशिक अखंडता मोडण्याचा प्रयत्न संघाच्या सनदेशीं विसंगत ठरेल असें म्हटलें आहे. मोठा देश मुक्त होत असतां हीं दोन कलमें गोडीगुलाबीनें नांदतात. दूरच्या बेटापाशीं आलीं कीं एकमेकींकडे पाठ फिरविणाऱ्या जावांसारखीं वागूं लागतात. फॉकलंडविषयीं बोलतांना ब्रिटन दुसरें कलम वाचून दाखवितें आणि अर्जेंटिना सहावें. चागोसविषयीं बोलतांना मॉरिशसहि सहावें वाचतें. ब्रिटननें मात्र तेथें दुसरें कलम उघडलेंच नाहीं. कारण तें उघडावयाचें, तर बेटावर माणसें आहेत हें आधीं कबूल करावें लागलें असतें.

फॉकलंडची हकीकत ठाऊक असलेली असल्यामुळें थोडक्यांत सांगतां येईल. १७६४ मध्यें बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्यानें तेथें पहिली वसाहत केली आणि तिला पोर्ट लुई असें नांव दिलें. (मॉरिशसच्या राजधानीचें नांवहि पोर्ट लुईच, फ्रेंच राजांच्या नांवांत विविधता फार नव्हती.) लवकरच दुसऱ्या एका बेटावर इंग्रज उतरले. फ्रेंचांनीं आपली वसाहत स्पेनच्या हवालीं केली, इंग्रज १७७४ मध्यें निघून गेले, स्पॅनिश १८११ मध्यें. स्पेनचा वारसा आपल्याकडे आला असें मानून नव्या अर्जेंटिनानें तेथें आपला अंमल सुरू केला, तो जानेवारी १८३३ मध्यें ब्रिटिश युद्धनौकेनें संपविला. त्यानंतर स्कॉटलंड-इंग्लंडांतून धनगर, खलाशी, कारागीर आले, मेंढ्या आल्या, लोकरीच्या व्यापारावर एक लहानसा समाज उभा राहिला. अर्जेंटिनाचें म्हणणें असें कीं, बळानें घेतलेल्या भूमीवर घेणारानेंच आणून बसविलेल्या रयतेला स्वयंनिर्णयाचा हक्क कसला? हें म्हणणें ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत येते कीं, खुद्द अर्जेंटिनाचे बहुसंख्य नागरिकहि इटली-स्पेनमधून समुद्र ओलांडून आलेल्यांचे वंशज आहेत. आणून बसविलेली रयत कोणत्या पिढीपासून भूमिपुत्र ठरते, याचा हिशेब दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच अवघड आहे.

पण ब्रिटनला या बेटकऱ्यांचा कळवळा पूर्वीपासून होता असेंहि नाहीं. तीं बेटें सांभाळणें खर्चाचें होतें आणि दक्षिण अमेरिकेचा व्यापार महत्त्वाचा होता. १९८० मध्यें निकोलस रिड्ले या मंत्र्यानें एक तोड सुचविली : मालकी अर्जेंटिनास द्यावी आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें कारभार ब्रिटननें आपल्याकडे ठेवावा. ही सूचना घेऊन रिड्ले स्वतः बेटांवर गेला. बेटकऱ्यांनीं त्याला चांगलेंच फैलावर घेतलें. डिसेंबरांत तो कॉमन्स सभेपुढें आला तेव्हां सर्व पक्षांच्या सभासदांनीं त्याची तीच गत केली. आणि योजना बारगळली. पुढच्याच वर्षीं झालेल्या नागरिकत्वाच्या कायद्यानें मात्र अनेक फॉकलंडकरांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्वाबाहेर ठेविलें. तें त्यांना युद्धानंतर, १९८३ च्या कायद्यानें मिळालें. युद्ध २ एप्रिल १९८२ रोजीं अर्जेंटिनाच्या स्वारीनें सुरू झालें व १४ जूनला संपलें. त्यांत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक कामास आले, आणि बेटावरील तीन स्त्रिया मेल्या. बेटावरची वस्ती त्या वेळीं सुमारें अठराशें होती. मार्च २०१३ मध्यें त्यांचें मत विचारलें गेलें, तेव्हां ब्रिटनकडे राहण्याच्या बाजूनें १,५१३ मतें पडलीं आणि विरुद्ध तीन.

आतां दुसऱ्या बेटांकडे वळावयाचें. चागोस हा साठांच्या आसपास लहान पोवळ्याच्या बेटांचा समूह. त्यांत सर्वांत मोठें दिएगो गार्सिया. कन्याकुमारीपासून तें सुमारें अकराशें मैल नैर्ऋत्येकडे आहे. वरून पाहिलें असतां ओल्या वाळूंत पावलाचा ठसा उमटावा तशी त्याची आकृति दिसते. अरुंद जमिनीच्या कड्यानें वेढलेलें मधलें पाणी खोल आणि शांत, म्हणजे निसर्गानेंच बांधलेलें बंदर. त्याची पारख मुंबईकरांनाहि एकदां झाली होती : १७८६ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनें तेथें ठाणें वसविण्यासाठीं जहाजें धाडलीं. जागा फ्रेंचांची असल्यामुळें आणि तिच्यांतून कांहीं निघण्यासारखें न दिसल्यामुळें त्याच वर्षीं तीं परत बोलाविण्यांत आलीं. फ्रेंचांनीं मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथून गुलाम नेऊन माड लावले. १८१४ च्या पॅरिसच्या तहानें मॉरिशस व त्याखालचीं बेटें ब्रिटनकडे आलीं; १८३५ मध्यें गुलामगिरी कायद्यानें संपली; तरी बेट तेंच, माड तेच, आणि मुकादमहि बहुधा तोच राहिला. मागाहून दक्षिण हिंदुस्थानांतील कांहीं मजूरहि त्यांत मिसळले. पुरुषांनीं नारळ सोलावेत, बायकांनीं फोडून खोबरें सुटें करावें, तें वाळवून त्याचें तेल काढावें, हा नित्यक्रम. मजुरी बेताची, पण तांदूळ मालकाकडून मिळे, घर फुकट असे, परसांत भाजी आणि कोंबड्या असत, आणि मासळी समुद्रांत हवी तितकी. देऊळ म्हणावें तर ख्रिस्ती चर्च, भाषा म्हणावी तर त्यांची स्वतःची क्रिओल, आणि कबरस्तानांत चार-पांच पिढ्यांच्या कबरी.

या बेटांवर अमेरिकेच्या आरमाराची नजर १९६० च्या सुमारास गेली. स्वतंत्र होत चाललेल्या देशांत तळ ठेवणें बेभरंवशाचें झालें होतें. म्हणून माणसें थोडीं आणि मालक युरोपियन अशीं बेटें वेळींच हेरून ठेवावींत असें तिचें धोरण ठरलें. मॉरिशसला स्वातंत्र्य द्यावयाचें होतें. तें देण्यापूर्वी चागोस त्यापासून तोडून घ्यावयाचें, असा ब्रिटननें बेत केला. २३ सप्टेंबर १९६५ रोजीं लंडनमध्यें पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन आणि मॉरिशसचे पुढारी सर शिवसागर रामगुलाम यांची भेट झाली. भेटीपूर्वी विल्सनला दिलेलें टिपण पुढें उघड झालें आहे. रामगुलामना आशा दाखवून भिववावें, असा त्याचा भावार्थ आहे : स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि बेटांच्या बाबतींत शहाणपणानें न वागल्यास तें मिळणार नाहीं ही भीति. तीस लाख पौंडांच्या भरपाईवर बेटें सुटलीं. ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश या नांवाची नवी वसाहत निर्माण झाली. जगभर वसाहती मोडीत निघत असतां ही एक नवी जन्मास येत होती. आमसभेचा क्रमांक २०६६ चा ठराव त्यानंतर पांच आठवड्यांनीं आला. मॉरिशसची अखंडता भंग होईल असें कांहीं करूं नये, असें त्यानें बजाविलें. पण करावयाचें तें तोंवर होऊन गेलें होतें. ३० डिसेंबर १९६६ रोजीं तीं बेटें पन्नास वर्षांसाठीं अमेरिकेच्या उपयोगास देण्याचा करार झाला, आणि मोबदला म्हणून पोलॅरिस अस्त्रांच्या किंमतींत एक कोट चाळीस लाख डॉलरांची सूट ब्रिटनला गुप्तपणें मिळाली.

उरलीं तीं माणसें. राष्ट्रसंघाच्या सनदेचें ७३ वें कलम असें कीं, ज्या प्रदेशांतील लोक अजून स्वशासित झाले नाहींत त्यांचें हित सर्वोपरि मानावें आणि त्यांच्या स्थितीविषयीं संघाकडे माहिती पाठवावी. फॉकलंडबद्दलची माहिती ब्रिटन पाठवीत असे. चागोसवर कायमचे रहिवासी आहेत असें म्हटलें, तर तेथलीहि पाठवावी लागणार. तेव्हां रहिवासी नाहींतच असें ठरविण्यांत आलें. तेथें आहेत ते मॉरिशस व सेशेल्समधून मुदतीच्या करारावर आलेले मजूर, असें दप्तरीं लिहिलें जाऊं लागलें. ऑगस्ट १९६६ मध्यें परराष्ट्र खात्यांतील एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें शेरा मारला कीं, आपल्याला कांहीं खडक हवे आहेत आणि समुद्रपक्ष्यांखेरीज तेथें कोणीहि मूळ रहिवासी असणार नाहीं. दुसऱ्यानें त्याखालीं दुःख व्यक्त केलें कीं, पक्ष्यांबरोबर कांहीं टार्झन किंवा क्रूसोचे फ्रायडेहि पदरीं पडतात, ज्यांचें मूळ कोणास ठाऊक नाहीं. या खात्यांतले लोक चांगले शिकलेले होते.

पक्ष्यांचा उल्लेख आला म्हणून सांगावयास हवें कीं, त्याच सुमारास सेशेल्सकडून तोडून घेतलेल्या अल्दाब्रा बेटावरहि विमानतळ करण्याचा विचार होता. तेथें प्रचंड आकाराचीं दुर्मिळ कांसवें आहेत. रॉयल सोसायटीचे शास्त्रज्ञ त्या कांसवांच्या वतीनें उठले, वृत्तपत्रांतून गहजब झाला, आणि १९६७ मध्यें तो बेत सोडून देण्यांत आला. पौंडाची किंमत त्याच वेळीं उतरली हेंहि एक कारण होतें, तें नाकारण्याचें प्रयोजन नाहीं. तरी कांसवांच्या वतीनें बोलणारें कोणी तरी लंडनमध्यें होतें, हें खरें.

चागोसच्या वतीनें बोलणारें कोणी नव्हतें. माणसें हलविण्याची रीत प्रथम अगदीं मुकाट्याची होती. औषधपाण्यासाठीं किंवा सोयऱ्याधायऱ्यांकडे म्हणून मॉरिशसला गेलेलीं कुटुंबें परतीच्या जहाजाची चौकशी करावयास धक्क्यावर जात, आणि तेथें त्यांना सांगण्यांत येई कीं आतां परत जातां येणार नाहीं. पुढें चागोसवासीयांचा लढा चालविणारा ऑलिव्हिए बँकू हा १९६८ मध्यें असाच चार वर्षांचा असतां आईबापांबरोबर आला, तो तेथेंच अडकला. इकडे बेटांवर धान्याचीं जहाजें विरळ होत गेलीं. १९७१ च्या हुकुमानें परवान्याखेरीज तेथें राहणें हाच गुन्हा ठरला. त्या वर्षीं दिएगो गार्सिया रिकामें करण्यांत आलें. जाण्यापूर्वी लोकांचीं शेंकडों कुत्रीं खोबरें वाळविण्याच्या कोठारांत कोंडून मोटारींच्या धुरानें मारण्यांत आलीं. १९७२ मध्यें सालोमन आणि १९७३ मध्यें पेरोस बान्होस येथील वस्ती उठली. शेवटचीं माणसें ‘नॉर्डव्हेअर’ नांवाच्या मालवाहू जहाजानें पोर्ट लुईस पोंचलीं तेव्हां उतरावयास तयार होईनात, कारण उतरून जावयाचें कोठें हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें.

ज्या मॉरिशसमध्यें तीं उतरलीं, तें बेटच मुळीं करारावर आणलेल्या मजुरांनीं वसविलेलें. १८३४ नंतर बिहार, मद्रास आणि मुंबई इलाखा यांतून लाखों माणसें उंसाच्या मळ्यांवर गेलीं; कोंकणांतून मुंबई बंदरावाटे गेलेल्यांच्या वंशजांनीं तेथें मराठीपण राखलें आहे. खुद्द रामगुलाम हे बिहारमधून आलेल्या मजुराचे चिरंजीव. १२ मार्च १९६८ रोजीं स्वतंत्र झालेलें मॉरिशस हें या मुदतबंद मजुरांच्या नातवंडांचें राष्ट्र होय, आणि त्याच्या राष्ट्रत्वाविषयीं कोणीं शंका काढली नाहीं. मग त्यांच्याहूनहि आधीं, आणि करारावर नव्हे तर बेड्यांत आलेल्यांच्या वंशजांना ‘करारावरचे मजूर’ म्हणून घराबाहेर कसें काढतां आलें? संख्येनें थोडे, हें उत्तर पुरेसें नाहीं. फॉकलंडकरहि तितकेच थोडे होते. फॉकलंडकर गोरे, इंग्रजी बोलणारे, त्यांचे सोयरे ब्रिटनमध्यें, आणि त्यांची बाजू घेणारे सभासद पार्लमेंटांत. चागोसचा नारळ फोडणारा काळा, क्रिओल बोलणारा, आणि त्याचें नांव लिहिणारा कारकूनच त्याचें मूळ अज्ञात म्हणून लिहीत होता. शिवाय एके ठिकाणीं माणसें राहिल्यानें हक्क टिकत होता, दुसरीकडे माणसें गेल्यानें तळ मिळत होता. तत्त्वाला या दोन्ही ठिकाणीं गरजेच्या मागूनच चालावें लागलें.

मॉरिशसला पोंचलेले चागोसवासी पोर्ट लुईच्या कडेच्या झोंपडपट्ट्यांत राहिले. नारळ सोलण्याखेरीज दुसरें कसब नाहीं आणि तेथें नारळ नाहीं. १९७२ मध्यें त्यांच्या नांवें साडेसहा लाख पौंड मॉरिशस सरकारकडे देण्यांत आले. ते त्यांच्या हातीं पडावयास पांच-सहा वर्षें लागलीं. बायकांनीं उपोषणें केलीं, मोर्चे काढले. मग ७ जुलै १९८२ रोजीं, म्हणजे फॉकलंडचें युद्ध संपून पुरते चार आठवडेहि झाले नव्हते तेव्हां, ब्रिटन व मॉरिशस यांच्यांत करार होऊन चागोसवासीयांसाठीं चाळीस लाख पौंड ठरले. पैसे घेतांना यापुढें आपला कांहीं दावा नाहीं अशा अर्थाच्या कागदावर त्यांच्याकडून सह्या घेण्यांत आल्या. कागद इंग्रजींत होता आणि पुष्कळांची सही म्हणजे अंगठा होता.

कोर्टांतला इतिहास लांबलचक आहे. बँकूच्या दाव्यांत ३ नोव्हेंबर २००० रोजीं लंडनच्या हायकोर्टानें १९७१ चा हुकूम बेकायदा ठरविला. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यानें तो निकाल मानला. २००४ मध्यें सरकारनें राणीच्या विशेषाधिकारांतून नवा हुकूम काढून तो फिरविला. खालच्या दोन कोर्टांनीं तोहि रद्द केला. आणि २००८ मध्यें लॉर्ड्स सभेच्या न्यायाधीशांनीं तीन विरुद्ध दोन मतांनीं तो पुन्हां जिवंत केला. मधल्या काळांत, २००६ मध्यें, शंभरेक चागोसवासीयांना जहाजानें बेटांवर नेऊन पूर्वजांच्या कबरी साफ करूं देण्यांत आल्या. मुक्कामाची परवानगी नव्हती.

तेव्हां मॉरिशस सहावें कलम घेऊन पुढें आलें. आमसभेच्या विनंतीवरून हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं तेरा विरुद्ध एक मतानें सल्ला दिला कीं, चागोस तोडल्यामुळें मॉरिशसची मुक्तता कायदेशीर रीतीनें पुरी झालेलीच नाहीं, आणि ब्रिटननें तेथील कारभार शक्य तितक्या लवकर आटोपावा. २२ मे २०१९ रोजीं आमसभेनें ११६ विरुद्ध ६ मतांनीं त्याला दुजोरा दिला. वसाहतीविरुद्धच्या न्यायाचा हा मोठाच विजय होता. परंतु त्यांत हक्क मान्य झाला तो मॉरिशसच्या जनतेचा. तिच्यांत चागोसवासी धरले गेले. त्यांतील पुष्कळांना तें मान्यहि आहे, बँकू त्यांपैकींच एक. पण २००२ च्या कायद्यानें ब्रिटिश नागरिकत्व मिळून जे लंडनच्या दक्षिणेस क्रॉली गांवीं जाऊन राहिले, त्यांतील कांहींजण विचारतात कीं आम्ही मॉरिशसचे हें कोणीं ठरविलें. ती जुनी निरगांठ येथें नव्या दोरींत पुन्हां पडली आहे.

२२ मे २०२५ या दिवशीं ब्रिटन व मॉरिशस यांच्या करारावर सह्या व्हावयाच्या होत्या. मालकी मॉरिशसची, दिएगो गार्सियाचा कारभार ९९ वर्षें ब्रिटनकडे, त्यासाठीं दरसाल सरासरीनें दहा कोट पौंडांहून थोडी अधिक रक्कम, आणि इतर बेटांवर वस्ती करण्यास मॉरिशस मोकळें, दिएगो गार्सियावर मात्र नाहीं. ही रिड्लेचीच पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तोड होय. तेव्हां ती फॉकलंडकरांपुढें ठेविली गेली, त्यांनीं ती झिडकारली, आणि झिडकारली म्हणून ती मेली. चागोसवासीयांचें मत घेतलें गेलें नव्हतें. म्हणून त्या दिवशीं पहांटेपूर्वी दोन चागोसवासी स्त्रियांच्या अर्जावरून लंडनच्या एका न्यायाधीशानें सरकारला सही करण्यास तात्पुरती मनाई केली. दुपारच्या सुमारास ती उठविण्यांत आली आणि त्याच दिवशीं करारावर सही झाली. त्या दोघींचा जन्म दिएगो गार्सियावरचा.